चौथा कोपरा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचे पत्र आले. वसतिगृहातील एखादी आठवण लिहून पाठवावी, अशी विनंती त्यात होती. आठवणी पुष्कळ आहेत. पहाटेची घंटा, विहारातील वंदना, पिठले-भाकरीचे ताट, परीक्षेच्या दिवसांत एका दिव्याभोवती जमलेली डोकी. या साऱ्यांविषयी माझ्याहून चांगले लिहिणारे माजी विद्यार्थी आहेत. मी लिहिणार आहे ते खाटांविषयी. एक वसतिगृहातली लोखंडी खाट, १९८३ सालची. दुसरी माझ्या घरातली लाकडी, २०२२ सालची. या दोन्ही मी माझ्या हातांनी जोडल्या. परंतु या दोन्हींच्या आधी आमच्या घरात आणखी एक खाट होऊन गेली होती, हे मला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी कळले.

मी पाचवीत दाखल झालो तेव्हा आई-वडील ऊसतोडीला जात असत. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन बैलगाडी कारखान्याच्या वाटेला लागे, ती उन्हाळ्याच्या तोंडाशीच परते. तेवढे महिने आमचे घर म्हणजे उसाच्या फडाजवळची कोपी. खाली पाचट, त्यावर पोते, त्यावर आईने शिवलेली वाकळ. झोपणे म्हणजे जमिनीला पाठ लावणे, एवढाच अर्थ मला ठाऊक होता. मुलाची शाळा दरवर्षी अर्ध्यावर सुटते म्हणून वडिलांनी मला वसतिगृहात आणून सोडले. तिथेही सुरुवातीला आम्ही फरशीवर सतरंजी अंथरूनच झोपत होतो. त्यात वावगे काही वाटत नव्हते.

त्याच वर्षी ऐन पावसाळ्यात एका दुपारी आवारात ट्रक येऊन उभा राहिला. कुणा दात्याने चाळीस लोखंडी खाटा पाठवल्या होत्या. खाटा म्हणायच्या एवढेच. प्रत्यक्षात उतरल्या त्या डोक्याकडच्या आणि पायाकडच्या चौकटी, लांब अँगल, पट्ट्यांच्या जाळ्या आणि नट-बोल्टांनी भरलेले एक पोते. आम्ही मुले गोल करून उभे राहिलो. आमचे अधीक्षक सर बाही सारून पुढे आले आणि म्हणाले, "लोहार बोलावणार नाही. ज्याची खाट त्याने जोडायची. पाने चारच आहेत, तेव्हा भांडू नका."

माझा पहिला कोपरा उत्तम जमला. बोल्ट घातला, नट लावला, पाना धरून अंगातली सारी शक्ती लावली. दुसरा कोपराही तसाच आवळला. तिसऱ्याला थोडा त्रास झाला. चौथ्या कोपऱ्यावर मात्र भोकासमोर भोक येईना. अर्ध्या बोटाचे अंतर राहिले. मी ओढून पाहिले, खांदा लावून ढकलले, शेवटी एक दगड उचलून चौकटीवर हाणू लागलो. मागून सरांनी माझा हात धरला. रागावतील असे वाटले, पण ते माझ्याशेजारी फरशीवर बसले आणि मी आवळलेले तिन्ही कोपरे त्यांनी एकेक करून सैल केले.

"पहिल्या कोपऱ्याला इतकं आवळलंस की चौथ्याला जागाच उरली नाही," ते म्हणाले. "आधी आठही बोल्ट नुसते बोटांनी धरव. खाट डुगडुगली तर डुगडुगू दे. सगळे आपापल्या जागी आले, की मग पाना घे. तोही एका कोपऱ्याला चिकटून बसू नकोस. थोडा इथं, थोडा तिथं, फिरत फिरत आवळ."

त्यामागचे कारणही त्यांनी सांगितले. भोक बोल्टापेक्षा थोडे मोठे ठेवलेले असते. ती वाढीव जागा कारागिराची चूक नव्हे, ती सोय असते. कोणतेही दोन अँगल तंतोतंत सारखे कापले जात नाहीत. तो बारीकसारीक फरक चारही कोपऱ्यांत वाटला गेला तर कुणाला जाणवतही नाही. पण पहिले तीन कोपरे घट्ट केले, की सगळा फरक गोळा होऊन एकट्या चौथ्याच्या माथी येतो. मी तसे केले आणि चौथा बोल्ट बोटाच्या धक्क्याने आत गेला. पुढे आयुष्यात संसार, नोकरी, भावाभावांतील वाटणी अशा अनेक चौकटी जोडाव्या लागल्या, आणि बहुतेक वेळी ते वाक्य मला उशिराच आठवले.

त्या रात्री एक गंमत झाली. चाळीस खाटा रांगेने उभ्या आणि निम्मी मुले त्यांच्याखाली फरशीवर! उंचावरून पडू, ही भीती. मीही त्यांतलाच. सर कंदील घेऊन फिरत आले, त्यांनी पाहिले आणि आम्हाला उठवून भोवती बसवले. मण्यार कशी असते ते त्यांनी त्या रात्री सांगितले. ती दिवसा दिसत नाही, रात्री भक्ष्य शोधत घरात शिरते. तिचा दंश इतका बारीक असतो, की झोपलेल्या माणसाला बहुधा कळतही नाही. पहाटे पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, मग श्वास थांबू लागतो. जमिनीवर झोपणारी माणसेच तिला अधिक बळी पडतात, म्हणून पावसाळ्यात हातभर उंचीलाही मोल आहे.

मग त्यांनी विनयपिटकातील एक हकिकत सांगितली. खाली टेकलेल्या बैठ्या मंचकावर झोपलेल्या एका भिक्खूला साप चावला. तेव्हा भगवंतांनी मंचकाच्या खुरांखाली आधार घेऊन तो उंच करण्याची अनुज्ञा दिली. पुढे काही भिक्खू फारच उंच आधार वापरू लागले, तेव्हा आठ अंगुळांची मर्यादाही घातली. "उंची कशासाठी, हे विसरलं की मर्यादा घालावी लागते," एवढेच सर त्यावर म्हणाले. एका मुलाने आणखी गोष्ट मागितली, तेव्हा त्यांनी दुसऱ्या एका भिक्खूचे सांगितले. हा भिक्खू माळ्यावर राहत होता. त्याच्या मंचकाचे खुर नुसते खोचून बसवलेले होते. तो धाडकन मंचकावर बसला, एक खुर निसटला आणि खाली राहणाऱ्या भिक्खूच्या डोक्यात पडला. आम्ही पोट धरून हसलो. सर म्हणाले, "हसा, पण उद्या सकाळी आपापले नट पुन्हा तपासा." मग आम्ही वर झोपलो.

त्या खाटेने मला बरेच शिकवले. रविवारी त्या अंगणात काढून सांध्यांत उकळते पाणी ओतायचे, कारण ढेकूण तिथेच घर करतात. मग त्या उन्हात वाळवायच्या आणि गंजू नयेत म्हणून सांध्यांना तेलाचे बोट लावायचे. महिन्यातून एकदा पाना फिरवायचा, कारण रोजच्या उठण्याबसण्याने नट आपोआप सैल होत जातात. एकदा आवळलेले कायमचे आवळलेले राहत नाही, हे लहान वयात कळले.

त्या वर्षी कारखान्यावर जाण्याआधी आई मला भेटायला आली. मी मोठ्या अभिमानाने तिला माझी खाट दाखवली. "बस ना आई," म्हणालो. ती बसली नाही. खाटेच्या कडेवरून तिने एकदा हात फिरवला आणि शेजारी फरशीवर टेकली. मी खूप आग्रह केला. शेवटी ती जरा कडक आवाजात म्हणाली, "तुझी हाय, तू बस." मला वाटले, दमली असेल, संकोचली असेल, पायांना चिखल लागला असेल. मुलांच्या मनात असे प्रश्न फार वेळ राहत नाहीत. तिने आणलेले शेंगदाण्याचे लाडू मी खाटेवर बसून खाल्ले आणि ती खाली बसून माझ्याकडे पाहत राहिली.

त्यानंतर एकोणचाळीस वर्षांनी, २०२२ च्या जूनमध्ये, पहिल्याच पावसात आई गावच्या ओसरीवर घसरली. वय अठ्ठ्याहत्तर. खुब्याचे हाड मोडले. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया होऊन आत सळई बसवली गेली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावले : जमिनीवर बसायचे नाही, जमिनीवर झोपायचे नाही, उकिडवे तर मुळीच नाही. खाट हवी, आणि ती अशी हवी की कडेवर बसल्यावर पाऊल जमिनीला पूर्ण टेकावे, पण गुडघा खुब्याच्या वर जाऊ नये.

आई पुण्याला माझ्याकडे येणार हे ठरले. आमच्या घरी पलंग आहेत, पण ते खाली सामानाच्या पेट्या असलेले, उंच. त्यावर आईचे पाय अधांतरी लोंबकळले असते. एरवी ती आली की स्वयंपाकघरात वाकळ पसरून झोपे आणि आम्हीही ते तिची सवय म्हणून सोडून देत होतो. मी धाकट्या भावाला फोन करून आईच्या गुडघ्यामागची उंची टेपने मोजायला लावली. पंधरा इंच भरली. त्या मापाने एक साधी लाकडी खाट शोधली : फळ्यांपर्यंत बारा इंच, वर पाच इंचांची गादी, अंगाच्या भाराने ती इंचभर दबणार. म्हणजे गुडघ्याच्या इंचभर वर. असे माप जमले.

खाट आली ती दोन खोक्यांत. जोडणी करून देणारा माणूस सोबत येईल, असे विकणाऱ्यांनी सांगितले होते. तो त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशीही आला नाही. तिसऱ्या दिवशी भाऊ आईला गाडीने घेऊन येणार होता. आदल्या रात्री जेवणे उरकली आणि मी मुलीला म्हटले, "चल, आपणच जोडू."

आम्ही जोडणी आईच्या खोलीतच मांडली. जोडलेली खाट दारातून आडवी-उभी करत नेताना सांधे दुखावतात. खाली सतरंजी अंथरली, म्हणजे लाकडाला चरे पडत नाहीत आणि वॉशर घरंगळून हरवत नाहीत. मग सामान मोजले : डोक्याकडची फळी, पायाकडची फळी, दोन बाजूपट्ट्या, मधली तुळई आणि तिचा स्वतंत्र पाय, बारा आडव्या फळ्या, चार खुर, एका पिशवीत बोल्ट, वॉशर, लाकडी खुंट्या आणि एक वाकडी षटकोनी चावी. मुलीने कागदावरच्या आकृत्या पाहून पहिला बोल्ट घातला आणि चावी फिरवू लागली. माझ्या तोंडून आपोआप शब्द निघाले, "थांब. आधी सगळे नुसते बोटांनी धरव. पहिल्याला इतकं आवळलं, तर चौथ्याला जागा उरायची नाही." तिने मान वर करून विचारले, "हे कुठं लिहिलंय?" मी म्हणालो, "आमच्या वसतिगृहात."

चारही कोपरे सैलसर उभे राहिल्यावर मी तिला टेप दिला आणि आतल्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजायला सांगितले. चौकट पंच्याहत्तर इंच लांब आणि छत्तीस इंच रुंद. कोपरे काटकोनात असतील, तर कर्ण त्र्याऐंशी इंचांहून किंचित जास्त भरायला हवा, आणि दोन्ही सारखे भरायला हवेत. पायथागोरसचा सिद्धांत शाळेच्या पुस्तकात ज्याला कंटाळवाणा वाटला असेल, त्याने एकदा खाट जोडून पाहावी. आमचा एक कर्ण दुसऱ्यापेक्षा इंचभर जास्त भरला. म्हणजे चौकट डोळ्यांना सरळ दिसत असली तरी तिरकी होती. जास्त भरलेल्या कर्णाच्या दोन टोकांना आम्ही दोघे बसलो आणि आतल्या बाजूला हळूच दाबत गेलो. दोन्ही मापे सारखी झाल्यावरच चावी हाती घेतली. एका कोपऱ्याला अर्धा फेरा, मग समोरच्या कोपऱ्याला अर्धा, असे चार वेळा फिरलो.

मधल्या तुळईचा पाय जमिनीला टेकला आहे ना, ते कागद सरकवून पाहिले. तो अधांतरी राहिला तर सारा भार बाजूपट्ट्यांवर येतो आणि काही महिन्यांतच खाट मधोमध पोट काढते. आडव्या फळ्या सारख्या अंतरावर बसवल्या. लाकडाला लाकूड घासते तिथे मेणबत्ती फिरवली, म्हणजे कूस बदलताना करकर होत नाही. शेवटी मी खाटेवर मुद्दाम जोरात बसलो. काही निसटले नाही. माळ्यावरच्या त्या भिक्खूची गोष्ट मुलीला सांगितली आणि मध्यरात्री आम्ही दोघे हसत सुटलो.

दुसऱ्या दिवशी आई आली. खाट तिने पाहिली, नातीने जोडली हे ऐकून तिच्या तोंडावरून हात फिरवला, बोटे मोडली. आणि खुर्चीतच बसून राहिली. संध्याकाळी मी म्हणालो, "आई, आता आडवी हो." तिने मान हलवली. "वर्षावास चालू हाय. मी अष्टशील धरलंय. उच्चासन-महाशयन चालत न्हाई."

आई दर पौर्णिमेला आणि वर्षावासात शील पाळते, हे खरे आहे. मी तिला माझ्या परीने समजावले. शील आहे ते थाटामाटाच्या शयनाविषयी. ही आजारी माणसाची साधी खाट आहे. ती आपले म्हणणे सोडीना. "दवाखान्यात तर पंधरा दिवस खाटेवर होतीस," मी म्हणालो. त्यावर तिने दिलेले उत्तर मला तेव्हा समजले नाही. ती म्हणाली, "ती सरकारची हुती. तिला कोण हात लावील?" बायकोने खूण केली आणि मी गप्प बसलो. खुर्चीतच उशा लावून तिला टेकवले. मला वाटले, थकली की स्वतःच वर जाईल.

रात्री दोनच्या सुमारास काठीचा आवाज आला. मी धावलो. आईने जमिनीवर वाकळ टाकली होती आणि खाटेची कड धरून ती खाली बसण्याच्या बेतात होती. आणखी थोडी वाकली असती, तर शस्त्रक्रिया वाया गेली असती. मी तिला धरून पुन्हा खुर्चीत बसवले आणि तिच्यावर ओरडलो. आईवर असा आवाज मी कधी चढवला नव्हता. मुलगी जागी होऊन दारात येऊन उभी राहिली. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग नातीकडे पाहत तिने सांगायला सुरुवात केली.

१९६१ साल. आईचे लग्न होऊन चार महिने झाले होते. सतराची होती. आमच्या घरासमोर लिंबाखाली सुंभाने विणलेली एक बाज असायची. बाभळीची, आज्याने स्वतः केलेली. त्या पावसाळ्यात आज्याला हिवताप भरला होता आणि तो त्या बाजेवर गोधडी पांघरून पडला होता. वस्तीवरून जाणाऱ्या वाटेने गावातली एक मोठी असामी गेली. आज्याचे डोळे मिटलेले. तो उठला नाही. वस्तीतल्या माणसाने अशा वेळी बाज सोडून खाली उभे राहायचे, हा तिथला रिवाज होता. उठायचे त्राण नव्हते की उठायचे मनात नव्हते, हे आज्याने पुढे कधीच कुणाला सांगितले नाही. धम्मदीक्षेला पाच वर्षे झाली होती आणि घरातले देव त्याने स्वतः नदीला दिले होते.

संध्याकाळी चौघेजण आले. त्यांनी मारहाण केली नाही. तापाने फणफणलेल्या आज्याला त्यांनी खाली उतरायला लावले, चिखलात बसवले आणि त्याच्यासमोर बाजेचे चारही खुर कुऱ्हाडीने तोडले. "आता नीज म्हणाले त्येला. आता काय हरकत न्हाई म्हणाले." आईने हे सांगताना आवाज जरासुद्धा हलू दिला नाही. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ सालीच झाला होता. तो आमच्या लिंबाखाली पोहोचायचा होता.

बिनखुरांची ती बाज घरात पुढे बरीच वर्षे होती. आजी तिच्यावर मिरच्या वाळवायची. मी लहानपणी ती पाहिलेली आहे. मला ती मिरच्या वाळवण्याचीच चौकट वाटत असे. घरात पुन्हा कुणी बाज केली नाही.

"आन् म्हून तू माझ्या खाटंवर बसली न्हाईस?" मी विचारले. बोलताना माझीही बोली कधी बदलली ते कळले नाही.

"माझ्यापायी तुझी खाट जाया नगं," आई म्हणाली. "म्हटलं, पोरगं नीजतंय, नीजू द्यावं. आपून बसलो आन् कुणी बघितलं तर?"

शिकलेला मुलगा म्हणून मी तिला पुष्कळ काही सांगू शकलो असतो. ते दिवस गेले, हे शहर आहे, दाराला कुलूप आहे. पण एकसष्ट वर्षे अंगात मुरलेली भीती माहितीने जात नाही. आणि ते दिवस सगळीकडून गेले आहेत, असेही छातीठोकपणे म्हणता येत नाही. मी गप्प राहिलो. आईनेच खाटेकडे पाहत विचारले, "ह्येचे खुर निघत्यात का रं?"

निघत नाहीत, असे म्हणणे सोपे होते. पण ते खरे नव्हते, आणि रात्री दोन वाजता आईशी खोटे बोलण्याची इच्छा झाली नाही. मी म्हणालो, "निघतात. पण चावी लागते. ती चावी आपल्याच घरात आहे."

मुलगी न सांगता आत गेली आणि ती वाकडी चावी घेऊन आली. तिने चावी आजीच्या हातावर ठेवली. आईने ती उलटसुलट करून पाहिली, बोटांनी चाचपली आणि परत दिली. "लाव बघू," म्हणाली. मुलगी फोनचा उजेड पाडून खाली बसली आणि एकेका खुराचा बोल्ट चावीने आवळून दाखवू लागली. प्रत्येक वेळी आई काठीच्या टोकाने त्या खुरावर ठोका मारून पाही. एक. दोन. तीन. "चौथा?" मुलगी सरपटत भिंतीच्या बाजूला गेली. "घट्ट आहे, आजी." आईने काठी लांब करून चौथ्यावरही ठोका मारला. आवाज भरीव आला.

मग ती काठी टेकून उठली, वळली आणि खाटेच्या कडेवर बसली. पाय जमिनीला पूर्ण टेकले होते. माप बरोबर आले होते. तिने दोन्ही तळवे गादीवर ठेवले आणि थोडा वेळ तशीच बसून राहिली, जणू कुणी येते का याची वाट पाहत होती. कुणी आले नाही. मुलीने तिचे पाय उचलून हळूच वर घेतले. आई भिंतीकडे तोंड करून झोपली. ती झोपली तरी आम्ही दोघे बराच वेळ खाली, तिने टाकलेल्या वाकळेवर बसून होतो.

शिलाचा प्रश्न आईने स्वतःच सोडवला. शील हे निमित्त होते, असे कुणी म्हणू नये. ते तिच्यासाठी खरे होते आणि आहे. पौर्णिमेच्या दिवशी तिने गादी काढायला सांगितली. फळ्यांवर प्लायवूडचा तुकडा टाकून त्यावर तिची वाकळ अंथरली, कमी पडणाऱ्या उंचीसाठी खाली घड्या केलेल्या सतरंज्या घातल्या. "थाट गेला, उंची ऱ्हायली," ती म्हणाली. उंची कशासाठी, हे तिला कुणी सांगण्याची गरज नव्हती. तेव्हापासून दर पौर्णिमेला आमच्या घरी गादी उतरते आणि दुसऱ्या दिवशी परत चढते. हाड जुळल्यावर आई काठीने घरभर हिंडू लागली, पण जमिनीवर झोपण्याचे नाव तिने पुन्हा काढले नाही. गावाकडून कुणी भेटायला आले, की ती त्यांना खाटेवर बसवते. शेजारी स्वतः बसते.

लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे बोल्ट सैल होतात. जोडल्यानंतर तीन आठवड्यांनी आणि मग दर ऋतूला एकदा ते पुन्हा आवळावे लागतात. आमच्याकडे हे काम मुलीचे आहे. चावी आईच्या उशाशी, बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या खिळ्याला टांगलेली असते. जोडणी करून देणारा तो माणूस न आल्याबद्दल मला त्या वेळी फार राग आला होता. आज वाटते, तो आला असता तर अर्ध्या तासात खाट जोडून, चावी खिशात घालून निघून गेला असता, आणि त्या रात्री आईच्या हातावर ठेवायला आमच्याजवळ काहीच नसते.

मध्यंतरी एका वर्गमित्राकडून कळले, की आपल्या वसतिगृहाच्या नव्या इमारतीसाठी नव्या खाटा येणार आहेत. आनंदाची गोष्ट आहे. विश्वस्तांना आणि आजच्या अधीक्षकांना माझी एवढीच विनंती आहे, की त्या खाटा जोडलेल्या आणू नयेत. सुट्या आणाव्यात आणि पाचवी-सहावीच्या मुलामुलींना स्वतः जोडू द्याव्यात. वेळ लागेल, थोडी बोटे चेमटतील. कुणाचा तरी चौथा कोपरा जमणार नाही आणि ते मूल दगड शोधायला जाईल. तेव्हा त्याच्याशेजारी फरशीवर बसून, आवळलेले कोपरे सैल करून देणारे कुणीतरी तिथे असावे.

आणि मुलांना भेटायला आलेले आईवडील खाटेशेजारी खाली बसले, तर त्यांना वर बसण्याचा आग्रह एकदा करून थांबू नये.